स्तंभावर त्याचं नाव, पासबुकावर तिचं कुठलं?



२६ जुलै २०२३ चा दिवस. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माजी सैनिकांच्या स्मृतिस्तंभाचं उद्घाटन होतं. आमदार निधीतून बांधलेला काळ्या दगडाचा स्तंभ. गावातून फौजेत गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर कोरलेलं होतं. लढाईत पडलेल्यांचं वर, निवृत्त होऊन गावी वारलेल्यांचं खाली. कार्यक्रम चांगला झाला. शाळेच्या मुलांनी घोषणा दिल्या, माजी सैनिकांनी जुने बिल्ले लावून सलामी दिली. मलाही भरून आलं, हे आधीच कबूल करते.

पाहुण्यांच्या स्वागताला पाच सुवासिनी ताटं घेऊन उभ्या होत्या. औक्षण त्यांनी केलं. व्यासपीठाच्या उजव्या हाताला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अकरा 'वीरपत्नी' बसवल्या होत्या. कार्यक्रम त्यांच्या नवऱ्यांसाठी होता, पण ताट त्यांच्या हातात नव्हतं. असणारच नव्हतं, कारण त्या विधवा. निवेदक एकेकीला पुकारत होता, "कैलासवासी हवालदार अमुक अमुक यांच्या वीरपत्नी!" की ती उठायची, साडी आणि नारळ घ्यायची, फोटोपुरती थांबायची आणि परत खुर्चीत. अकराजणींपैकी एकीचंही स्वतःचं नाव माइकवरून ऐकू आलं नाही.

सातव्या खुर्चीवर बसलेल्या आजींना मी ओळखत होते. एकट्या स्त्रियांच्या कागदपत्रांचं काम आमची संघटना करते, त्यातून ओळख. त्यांच्या नवऱ्याचं नाव स्तंभावर अगदी स्पष्ट, सोनेरी रंगात होतं. त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला जाऊन सतरा महिने झाले होते, आणि कुटुंब पेन्शनचा एक रुपयाही त्यांच्या खात्यावर जमा झालेला नव्हता.

तीन नावांची बाई

आजींचे यजमान १९६६ साली फौजेत भरती झाले. १९७१ च्या लढाईत होते. १९८४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दम्याने घरीच वारले. लग्न १९७० चं. म्हणजे लग्नानंतरची चौदा वर्षं ते फौजेत आणि ही गावात. वर्षाची दोन महिने सुट्टी धरली, तर चौदा वर्षांत अठ्ठावीस महिने संसार. उरलेल्या वर्षांत पाच एकर जिराईत, सासू-सासरे, दोन दिरांची लग्नं, तीन बाळंतपणं आणि १९७२ चा दुष्काळ या बाईने एकटीने काढला. त्या दुष्काळात ती रोजगार हमीवर खडी फोडायला जात होती. नवऱ्याची मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावावर.

पेन्शन का अडली? तर नावामुळे. माहेरी तिचं एक नाव. लग्नात आपल्याकडच्या चालीप्रमाणे ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने लिहिलं ते दुसरं. आणि फौजेत लग्नाची नोंद करताना, म्हणजे ज्याला तिथे 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात ती निघताना, कारकुनाने सासऱ्यांच्या पत्रातलं घरगुती हाकेचं नाव उचललं, ते तिसरं. आधार कार्डावर दुसरं नाव. जुन्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव नव्हतंच. ज्या देशाच्या दप्तरात तिच्या नवऱ्याच्या बुटाचा नंबरसुद्धा बिनचूक आहे, त्या देशाला ही बाई त्याची बायको आहे हे मान्य करायला पुरावा हवा होता.

प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, वारसांची संमती, आणि "या तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं सांगणारे दोन साक्षीदार. कार्यालयाने सांगितलं, साक्षीदार घरातले जाणते असावेत. घरातला जाणता म्हणजे चुलत पुतण्या. तो म्हणाला, "सही करतो की काकी, पण आधी विहिरीकडच्या तुकड्याचं हक्कसोडपत्र करून द्या."

पुतण्या काही राक्षस नव्हे. स्तंभाच्या समितीत तोच होता, काकाचं नाव ठळक यावं म्हणून कंत्राटदाराशी भांडला होता. काकाबद्दल त्याला खरोखर आदर आहे. आणि काकीची जमीनही त्याला हवी आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात किती सुखाने नांदतात हे मला त्या दिवशी दिसलं, म्हणून हा लेख.

मी आजींना विचारलं, "तुमचं खरं नाव कुठलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "नावं तीन हायती बाय, पैसा एकाचाबी न्हाई." त्यांच्या तीन नावांपैकी एकही मी इथे लिहिलेलं नाही. भाऊबंदकी अजून मिटलेली नाही, म्हणून.

मानाचा मुद्दा

मला जे म्हणायचं आहे ते सरळ सांगते. दिवंगत सैनिकाचा मान राखायचा असेल, तर त्याच्या मागे उरलेल्या बाईला तिच्या नावाने, अटीशिवाय आणि वेळेवर तिचा हक्क द्या. हे न करता बांधलेला स्तंभ हा गावाने स्वतःचाच केलेला सत्कार असतो.

"मानाची गोष्ट पैशात मोजता का?" असं मला गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं. गुरुजी, मी मोजत नाही, सरकारच मोजतं. सैनिक लढाईत किंवा अतिरेक्यांशी झुंजताना मेला तर बायकोला उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे त्याच्या शेवटच्या वेतनाइतकी. सेवेशी संबंधित अपघाताने वा आजाराने गेला तर विशेष कुटुंब पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या साठ टक्के. आणि निवृत्त होऊन पुढे म्हातारपणी घरात वारला तर साधी कुटुंब पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के. मरणाची जागा आणि कारण पाहून बाईचा हिस्सा ठरतो. लढाईतल्या मरणाला जास्त द्यावं याला माझा विरोध नाही. पण लक्षात घ्या, बहुसंख्य सैनिक लढाईत मरत नाहीत. ते ऐन पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात, मग एखाद्या बँकेच्या दारावर नाहीतर एटीएमवर बंदूक घेऊन उभे राहतात, गुडघे आणि कान गेलेले असतात, काहींची झोप कायमची गेलेली असते. शेवटची वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, औषध देणं, रात्री ओरडत उठले तर पाठीवर हात फिरवणं हे सारं बायको करते. फौजेची नोकरी अठरा वर्षांची. या बाईची 'सेवा' पन्नास वर्षांची, आणि तिची नोंद कुठल्याही डिस्चार्ज बुकात नाही.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर आहेत. प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं, ही चांगली गोष्ट झाली. इंग्रजांनी आपल्या गावांत एवढंही केलं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे गावोगावी त्यांनी ज्या फरशा बसवल्या, त्यांवर बहुतेक ठिकाणी नुसते आकडे आहेत: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी मेली. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात आपली ४६ माणसं कामी आली असं ते गाव अभिमानाने सांगतं. साम्राज्याच्या हिशेबात सैनिक हा आकडा होता. आज त्याला नाव मिळालं. त्याची बायको मात्र अजून आकड्यापर्यंतसुद्धा पोहोचलेली नाही.

कोकणातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना मेला. शत्रूचं मशीनगनचं ठाणं त्याने एकट्याने घेतलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर सापडत नाही, इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. ते पदक हातात घ्यायला दिल्लीला गेली त्याची तरुण विधवा, लक्ष्मीबाई. पुतळ्याला हार घालणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असतं? पदक स्वीकारण्याच्या त्या एका क्षणानंतर ती बाई कशी जगली, हे कुणी कुठल्या चौथऱ्यावर लिहिलं आहे का?

दिराची अट

आता असा एक नियम सांगते, जो मी गटांच्या बैठकीत सांगितला की बायकांना खरा वाटत नाही.

शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाला सरकार दरमहा मानधन देतं. तो वारल्यावर ते त्याच्या विधवेला मिळतं. १९९५ च्या संरक्षण खात्याच्या आदेशात लिहिलं होतं की, विधवेने पुन्हा लग्न केलं तर हे मानधन बंद. एकच अपवाद. तिने मृत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं आणि त्याच कुटुंबात राहिली, तर मात्र मानधन चालू! म्हणजे परक्या माणसाशी लग्न केलं तर त्या शूर माणसाची ती कुणी नाही, आणि दिराशी केलं तर आहे. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात रद्द झाली. तेव्हापासून विधवेने कुणाशीही लग्न करो वा न करो, मानधन तिला मरेपर्यंत मिळतं.

२०१७! विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्या कायद्यानेही पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता, हे आपण विसरतो. लग्न कर, पण रिकाम्या हाताने जा. १८५६ पासून २०१७ पर्यंत विचार तोच राहिला. पंजाब-हरियाणात विधवेला दिराच्या पदरी देण्याची करेव्याची चाल आहे. जमीन घरातून बाहेर जाऊ नये हा तिचा खरा हेतू. स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याने ही चाल सरकारी कागदावर टंकलिखित करून ठेवली आणि तिला शौर्याच्या सन्मानाचं नाव दिलं. त्या दिराला ती हवी होती का, तिला दीर हवा होता का, असं त्या आदेशात कुठेही विचारलेलं नाही.

हा नियम कागदावरून गेला, डोक्यांतून गेलेला नाही. जुलै २०२४ मध्ये एका तरुण कॅप्टनला मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. राष्ट्रपती भवनात त्याची पत्नी आणि आई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यानंतर काही दिवसांत सासू-सासऱ्यांची आणि सुनेची पैशांवरून, पदकावरून, पत्त्यावरून चाललेली कुरबुर वाहिन्यांवर आली. त्या मुलीच्या फोटोखाली इतक्या घाणेरड्या गोष्टी लिहिल्या गेल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांकडे कारवाईची मागणी करावी लागली. लिहिणारे कोण होते? बहुतेक तेच, जे पंधरा ऑगस्टला जवानांना सलाम ठोकतात. ती रडत होती तोवर ती देशाची मुलगी होती. ती माहेरी गेली, तरुण आहे, पुढे आयुष्य आहे, हे दिसल्याबरोबर ती बदनाम ठरली.

म्हाताऱ्या आई-बापांचं दुःख मी खोटं म्हणत नाही. एकुलता मुलगा गेल्यावर त्यांच्या हातात काय उरतं? पण पेन्शनचा नियम असा आहे की विधवा आणि मुलं असतील तर त्यांना, आणि ती नसतील तर आई-बापांना. एकाच ताटात जेवायला दोघांना बसवायचं आणि मग ती भांडतात म्हणून हसायचं, असा हा प्रकार. आई-बापांना त्यांचा स्वतंत्र हक्क द्या ही मागणी आपणच केली पाहिजे. मात्र तो सुनेच्या ताटातून काढून नव्हे, आणि तिच्या लग्नावर पहारा बसवून तर नव्हेच.

एकरकमी आणि दरमहा

आणखी एक गोष्ट घडली आहे, तिच्याकडे स्त्रियांच्या संघटनांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांसाठी भरती. या काळात अग्निवीर मेला तर घरच्यांना विमा आणि सानुग्रह मदत मिळून मोठी रक्कम मिळते, पण आयुष्यभराची पेन्शन मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर कर्तव्यावर असताना पहिला अग्निवीर मेला, तो आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला मुलगा.

"रक्कम काय थोडीथोडकी आहे का?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर गावात यावं. एकरकमी आलेल्या पैशाचं काय होतं ते आम्ही पाहतो. पैसा येतो तेव्हा घरातले सगळे पुरुष भोवती असतात. एकाला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, एकाचं कर्ज फेडायचं असतं, बंगल्याचा पाया खणायचा असतो. बाई अंगठा देते. दोन वर्षांत पैसा संपतो आणि बाई भार होते. पेन्शनचं तसं नाही. ती दरमहा येते, बाईच्या खात्यावर येते, बाई जिवंत असेल तरच येते. म्हणून घरातले तिला जपतात, आजारी पडली तर दवाखान्यात नेतात. जपण्यामागे माया किती आणि पासबुक किती, हे त्या बायका चांगलं ओळखून असतात. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "माझ्या पेन्शनमुळं सून मला वरणात तूप वाढते." हसण्यावारी नेऊ नका. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिच्या हातात ती एवढीच एक गोष्ट आहे, जी कुणी एका दिवसात काढून घेऊ शकत नाही. ती गेली तर सैनिकाच्या आईचं आणि बायकोचं घरातलं स्थान गेलं.

तिरंगा आणि बांगड्या

१९६२, १९६५, १९७१ च्या लढायांत पार्थिव सहसा गावी येत नसे. तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी यायची तार आणि मागून काळी ट्रंक. १९९९ च्या कारगिलपासून तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावापर्यंत येऊ लागली. घरच्यांना शेवटचं दर्शन मिळू लागलं, हे चांगलं झालं. पण त्याबरोबर एक मोठा समारंभही आला. हजारोंची गर्दी, फुलांनी सजवलेला ट्रक, बंदुकीच्या फैरी, आणि कॅमेरे.

त्याच वेळी घराच्या मागच्या खोलीत काय चाललेलं असतं ते कॅमेऱ्यात येत नाही. तिथे चार बायका त्या मुलीच्या बांगड्या दगडावर फोडत असतात, कुंकू पुसत असतात, जोडवी ओढून काढत असतात. बाहेर 'अमर रहे' म्हणतात आणि आत तिला सांगतात की तो मेला आहे आणि तुझंही संपलं आहे. तो खरोखर अमर असेल तर ती विधवा कशी, असा भाबडा प्रश्न मला दर वेळी पडतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही, मंगळसूत्र तोडणं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकाने रूढी जात नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण मला वाटतं, स्मृतिस्तंभ बांधणाऱ्या प्रत्येक गावावर पहिली अट हीच हवी. आधी हेरवाडचा ठराव आणि मग दगड. उद्घाटनाला औक्षणाचं ताट खुर्चीवरच्या त्या अकराजणींच्या हातात द्या. ते देववत नसेल तर 'वीरपत्नी' हा शब्द माइकवरून उच्चारू नका.

कुणी म्हणेल, स्वाती महाडिक यांचं उदाहरण का देत नाही? देते ना. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. दोन मुलांची आई असलेल्या स्वातीताईंनी परीक्षा दिली, प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ साली त्या सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण शिकलेल्या, धडाडीच्या एका स्त्रीचं उदाहरण पुढे करून सातव्या खुर्चीवरच्या आजींना "बघा, शिका" म्हणण्यात अर्थ नाही. नवरा मेल्यावर बाईने असामान्य व्हावं तेव्हा समाज तिला जगू देणार, ही कसली रीत? साधी, अंगठा देणारी, रडकी, भांडकुदळ बाईसुद्धा हक्काने जगली पाहिजे.

आपल्याही पदराखाली पाहू

आता थोडं आपल्याविषयी. स्त्री चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न उचलला, हुंडाबळींचा उचलला, देवदासींचा उचलला. सैनिकांच्या विधवांकडे मात्र आपण फारसं गेलो नाही. कारण आपण युद्धविरोधी. पुष्पचक्रं, बिगुल, मर्दानगीचे पवाडे यांची आपल्याला ॲलर्जी. मलाही आहे. युद्धं बायकांना आणि गरिबांना खातात, हे मी आजही म्हणते. पण म्हणून आपण त्या अकरा खुर्च्या पुढाऱ्यांच्या हवाली केल्या. त्यांनी साड्या वाटल्या, फोटो काढले, मतं नेली. युद्धाला विरोध करणारीनेच युद्धाच्या विधवेशी पहिली मैत्री करायला हवी होती. लढाईची किंमत तिच्याइतकी बिनचूक कुणाला ठाऊक आहे?

दुसरी अडचण याहून नाजूक. या बायका आपल्या नवऱ्यांविषयी बोलू लागल्या की सगळं काही गौरवाचं निघत नाही. कॅन्टीनच्या दारूविषयी बोलतात. सुट्टीवर आलेला माणूस परका वाटायचा, हे बोलतात. मारहाणीविषयीही बोलतात, खाली मान घालून. आणि त्याच बायका त्याने पहिल्या पगारात पाठवलेली शाल पन्नास वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपतात. मला अनेकदा सांगण्यात आलं, "गेलेल्या जवानाबद्दल असलं लिहू नका, अपमान होतो." मला उलटं वाटतं. पुतळा करून टाकलेल्या माणसाचा मान राखता येत नाही, त्याला फक्त हार घालता येतो. जो माणूस थंडीत उभा राहिला, भ्याला, शूर झाला, घरी येऊन कधी प्रेमाने आणि कधी वाईट वागला, म्हातारपणी बायकोच्या हातून भात खाल्ला, त्या अख्ख्या माणसाचं स्मरण करायचं असेल तर साक्षीदार एकच आहे. ती सातव्या खुर्चीवर बसली आहे, आणि तिला कुणी माइक देत नाही.

करायचं काय?

नुसता संताप करून चालणार नाही. सात डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून शाळेपर्यंत सगळीकडे निधी गोळा होतो. त्या निमित्ताने प्रत्येक गटाने आपल्या गावात एवढी कामं हाती घ्यावीत.

एक, नवरे जिवंत आहेत तोवरच माजी सैनिकांच्या बायकांची बैठक घ्या. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पी.पी.ओ., आधार, बँकेचं पासबुक आणि शिधापत्रिका समोर ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर अर्ज नवऱ्याच्या सहीने आजच करा. आज त्याची एक सही पुरते. तो गेल्यावर तिला साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

दोन, पेन्शनचं खातं दोघांच्या नावाचं करून घ्या. घराच्या उताऱ्यावर आणि सातबारावर तिचं नाव लावायला सांगा. देशाची सीमा राखलेल्या माणसाला बायकोच्या नावावर एक तुकडा करणं जड जाऊ नये.

तीन, दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला एकट्या म्हाताऱ्या बायकांबरोबर गटातली एक तरी मुलगी जाऊ द्या. बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही, आणि बाई जिवंत असून कागदावर मरते.

चार, ग्रामसभेत ठराव मांडा: विधवा प्रथा बंद, आणि गावच्या स्मृतिस्तंभावर सैनिकाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचं, ती नसेल तर आईचं, संपूर्ण नाव. 'वीरपत्नी', 'वीरमाता' असं नको. नाव.

पाच, मागण्या: कुटुंब पेन्शनच्या कुठल्याही प्रकारात पुनर्विवाहाचा प्रश्न विचारला जाऊ नये. आई-बापांना स्वतंत्र हक्क मिळावा. कर्तव्यावर मेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना दरमहा पेन्शन मिळावी. आणि नावातल्या फरकासाठी बाईला भाऊबंदांच्या सहीवर अवलंबून ठेवू नये.

आजींचं सांगायचं राहिलं. विहिरीकडचा तुकडा त्यांनी सोडला नाही. आम्ही साक्षीला दुसरी माणसं शोधली: त्यांच्याबरोबर दुष्काळात खडी फोडलेल्या दोन बायका. "बायकांची साक्ष चालेल का?" असं कारकुनाने विचारलं होतं. चालली. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकोणीस महिन्यांनी, पेन्शन सुरू झाली, थकबाकीसकट. पासबुक घेऊन आम्ही परत येत होतो तेव्हा एसटी स्तंभाजवळ थांबली. मी म्हटलं, "आजी, तिथे तुमचं नाव लिहायचा ठराव मांडायचा आहे, तिन्हींतलं कुठलं लिहू?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग माहेरचं सांगितलं.

तुमच्या गावातल्या खुर्च्या किती आणि त्यांच्यावर बसणाऱ्यांची नावं काय, ते आम्हाला कळवा. यादी आपल्या हातानेच करावी लागणार आहे.